पिवळी व्हॅन सोडून इतर वाहने

२६ जून २०१८, मंगळवार
शाळा सुरू. चारही वर्ग मिळून पट चौदा. मागच्या वर्षी एकोणीस होता. सुलोचनाबाईंची भंडाऱ्याला बदली झाली, त्यामुळे आता मुख्याध्यापक मी, शिक्षक मी आणि कुलूप उघडणाराही मीच. पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद करून मुलं शेजारच्या गावी पाठवतात असं ऐकतो. आपल्यावर ती वेळ येणार नाही. मोहाडीहून येताना स्कूटरवरच उपाय सुचला. लहान मुलांना गाड्या आवडतात आणि रंग आवडतात. दोन्ही एकत्र करायचं. उपक्रमाचं नाव : ‘वाहने रंगवा’. शाळेतही, घरीही. दिवाळीपर्यंत पट पंचवीस.

संध्याकाळी सहा चित्रं काढली. एसटी, ट्रॅक्टर, ऑटो, ट्रक, बैलबंडी, विमान. हात अजून चांगला आहे.

२ जुलै, सोमवार
शुभारंभ. पहिलं वाहन एसटी. लाल खडू एकच निघाला, त्यामुळे चौदा जणांची रांग. दोघांची मारामारी. अकरा एसट्या अर्ध्याच लाल झाल्या, तेवढ्यात मधली सुट्टी. रांगेत उभं राहायची सवय लागली, हा जास्तीचा फायदा.

दुपारी ट्रॅक्टर दिला. पहिलीतल्या अंजूने विचारलं, गुरुजी, हे कोन्तं जनावर आहे? ट्रॅक्टर आहे असं सांगितलं. तिने मान हलवली आणि काळा रंगवून वर शिंगं काढली. कल्पनाशक्ती वाढते आहे.

११ जुलै
घरी रंगवण्यासाठी कागद दिले होते, आईवडिलांसोबत बसून. चौदा गेले, तीन परत आले. भाताची रोवणी सुरू आहे, सगळे शेतावर बांधीत. केशरबाईंच्या घरी दिलेला ऑटोचा कागद चुलीत गेला, लाकडं ओली होती म्हणे. म्हणजे उपक्रम स्वयंपाकघरापर्यंत पोचला. अहवालात ‘पालकांचा सहभाग’ असं लिहिलं.

२१ जुलै, शनिवार
मुलं विमान रंगवायला तयार नाहीत. सगळ्यांना पिवळी व्हॅन पाहिजे. मोहाडीच्या कॉन्व्हेंटची व्हॅन रोज सकाळी गावात येते, हॉर्न वाजवते, पाच-सहा पोरं नेते. आमची प्रार्थना तेव्हाच असते. म्हटलं, व्हॅन सोडून इतर वाहनं रंगवा. कोणी खडूला हात लावेना. शेवटी फळ्यावर व्हॅन काढली आणि कागदांवर उतरवून दिली. खरं सांगायचं तर सातही चित्रांत तीच सर्वांत चांगली जमली. मुलांनी रेषेबाहेर न जाता रंगवली. पहिल्यांदाच! सगळ्या भिंतीवर चिकटवल्या. वर्ग उजळून निघाला.

पट अकरा. तिघं कॉन्व्हेंटला गेले. याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

६ ऑगस्ट, सोमवार
पालकसभा. पाच जण आले. मी हाताचे लहान स्नायू, रंगांची ओळख, एकाग्रता यांवर पाऊण तास बोललो. शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. दुसरीतल्या मुलाचा बाप अंकुश उभा राहिला. म्हणाला, गुरुजी, तुमची नात कुठी जाते?

हर्षा त्याच कॉन्व्हेंटला जाते. मी म्हटलं, तो माझ्या मुलाचा निर्णय आहे. तो म्हणाला, मंग आमच्या पोराचा निर्णय आमचाच. सगळे हसले. सभा खेळीमेळीत झाली.

७ ऑगस्ट
निश्चय : हर्षाला आपल्या शाळेत आणायचं. पट एकाने वाढेल, अंकुशचं तोंड बंद होईल, आणि आजोबा-नात एका स्कूटरवर जाऊ. घरी आजच बोलणार.

९ ऑगस्ट
आज बोललो. परवा सूनबाई रंजिताचं डोकं दुखत होतं, काल माझं.

रंजिता शांतपणे म्हणाली, बाबा, तुम्ही एकटे चार वर्ग सांभाळून राहिले, वरून ऑनलाइन माहिती भरून राहिले, त्यात शिकवता कधी? मी उपक्रमाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, रंगवून झाल्यावर पोरगी काय करंल? नीलेशने ताटातून मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, बाबा, अॅडमिशनच्या लायनीत तर तुम्हीच पहाटेपासून उभे होते.

हे खरं आहे. पण तेव्हा मी आजोबा म्हणून उभा होतो, शिक्षक म्हणून नाही. हा फरक त्यांना समजावून सांगणार होतो, पण भाजी निवत होती.

२८ ऑगस्ट, मंगळवार
केंद्रप्रमुख देवाजी साहेब अचानक भेटीला. हजर मुलं सहा, पटावर नऊ. साहेब भिंतीसमोर बराच वेळ उभे होते. मला वाटलं, कौतुक करणार. साहेब म्हणाले, टेकचंद गुरुजी, हे कोन्त्या शाळेची जाहिरात लावून ठेवली तुम्ही?

मी म्हटलं, मुलांची आवड. ते म्हणाले, आवड तर दिसूनच राहिली.

जाताना खांद्यावर हात ठेवला. चांगलं लक्षण. उद्या व्हॅन उतरवून बैलबंड्या लावायच्या.

२९ ऑगस्ट
खळ घट्ट बसली आहे. व्हॅन निघेनात.

१० सप्टेंबर, सोमवार. तान्हा पोळा
आज मुलं ओढत फिरवतात त्या लाकडी नंदीला चार चाकं असतात, म्हणजे तोही वाहनच. सुट्टी असूनही मुलांना नंदी घेऊन रंगवायला बोलावलं. दोन तास वाट पाहिली. अंजू आली, नंदीशिवाय. तिच्याकडे नंदी नाही. मग दोघांनी बसून विमान रंगवलं, तिने पंख, मी मधलं. ती म्हणाली, गुरुजी, ह्याच्यात कोनी बसलं काहून नाही? मी खिडकीत एक डोकं काढून दिलं. तिने आणखी मागितली. सगळ्या खिडक्या भरल्या.

आजचा दिवस चांगला गेला.

४ ऑक्टोबर
अंजूची आजी गोदावरीबाई आल्या. उभ्याच राहिल्या. पोरीचा दाखला पाहिजे. मी विचारलं, माझं काही चुकलं का? त्या म्हणाल्या, तुमाले बोल नाही गुरुजी. तुमी लय चांगले. पण पयल्या वर्गात एकलीच बसते ते. कोनासंग खेळंल? घरी येऊन रडते.

रडते हे मला माहीत नव्हतं. माझ्यासमोर कधी रडली नाही.

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा, पट वाढणार आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं आजारी माणसाकडे पाहतात. दाखला चांगल्या अक्षरात लिहून दिला. अंजूने दारातून विचारलं, तिकडं रंगवू देतेत का? म्हटलं, हो, देतात.

पट चार.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार
पत्र आलं. उरलेली मुलं शेजारच्या शाळेत. मी ‘अतिरिक्त’ शिक्षक. नेमणूक लाखांदूर तालुक्यात. पत्रात उपक्रमाचा उल्लेख नाही. कदाचित वेगळं पत्र येईल.

३१ ऑक्टोबर
किल्ली देवाजी साहेबांकडे दिली. वेगळं पत्र नाही, असं त्यांनी न विचारताच सांगितलं.

१९ नोव्हेंबर, सोमवार. लाखांदूरजवळ
आज रुजू झालो. भंडाऱ्याला गाडी बदलून येईपर्यंत दुपार झाली. इथल्या बाई, मंदाबाई, वयाने लहान आहेत. चहा दिला. पट सव्वीस, दोन खोल्या. कोणता वर्ग घ्याल असं त्यांनी विचारलं. म्हटलं, कोणताही.

मग त्यांनी विचारलं, गुरुजी, आधीच्या शाळेत काही उपक्रम घेत होते का? इथे चालू करू.

म्हटलं, नाही.