न चाखता केलेली डायकिरी

प्रिय पप्पा,

जयभीम. तुम्हाला जाऊन चार महिने झाले आणि आज पहिल्यांदा लिहायला बसलेय. रडत नाही, दातओठ खात! ओट्यावर पिळलेल्या लिंबांचा ढीग पडलाय, आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलीय, आणि हे सगळं तुमच्या गप्प बसण्यामुळे झालंय. मग राग तुमच्यावर नाही तर कुणावर काढू?

सुरुवात झाली तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. भंतेजी गेले, जेवणं उरकली, आणि तुमचे थोरले भाऊ, आपले नानाकाका, चहा फुंकत सगळ्यांदेखत म्हणाले, "मानूस चांगला व्हता. पर तीस वर्सं लोनावळ्याच्या हाटेलात बार सांबाळला अन् थेंब घेतला न्हाई म्हनं! चाखल्याबिगर कुनाला जमतंय व्हय?"

मी आईकडे बघितलं. वाटलं, आता ही त्यांना गप्प करेल. ती पदराशी चाळा करत खाली बघत राहिली. पप्पा, नानाकाकांपेक्षा तिच्या त्या खाली बघण्याचा मला जास्त राग आला.

पंचशीलातलं पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, तुम्ही रोज सकाळी माझ्याकडून म्हणून घ्यायचात आणि दुपारी डबा घेऊन बारवर जायचात. स्वतः न पिता दुसऱ्याला पाजणं बरं का, असं मी एकदा विचारलं होतं. "दुसरी नोकरी मिळंपतूर," म्हणालात. ती मिळायच्या आत रिटायर झालात! ते मला कधीच पटलं नाही, आजही पटत नाही. पण तुम्ही खोटं बोलत होतात, हे मी कसं मानू?

म्हणून ठरवलं, करूनच दाखवायचं. लोक जिच्यासाठी तुमच्या काउंटरवर खोळंबून उभे राहायचे ती डायकिरी घरी करायची, जिभेला न लावता. तीनच तर गोष्टी! पांढरी रम, लिंबाचा रस, साखरेचा पाक. बर्फ घालून खळाखळा हलवायचं आणि गाळायचं. मी तळेगावच्या कंपनीत क्वालिटीत आहे, केसभर फरकावरून माल परत पाठवते. मला काय अवघड!

चाखायला दिनूभाऊंना बोलावलं. तुमच्याच बारमध्ये वेटर होते, त्यांच्याइतकी ती चव कुणाला ठाऊक? पहिलाच घोट घेऊन त्यांनी विचारलं, "मीठ घातलंस?"

घातलं होतं. लिंबू-साखर समोर आली की चिमूटभर मीठ आपोआप पडतं, आपल्याकडे कुणाच्या हातून पडत नाही?

"ह्ये सरबत झालं, पोरी. आजारी मानसाला दे."

मग दोन भाग रम, एक भाग रस, पाऊण भाग पाक, असं औषधाच्या सिरिंजनं मोजलं. एका रविवारी छान जमलं. पुढच्या रविवारी तेच माप, तर दिनूभाऊंचं तोंड वाकडं. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणे पाणचट! एखादी वही लिहून ठेवायला काय झालं होतं हो तुम्हाला? वही नाही तर नाही, कॅलेंडरच्या मागे चार ओळी?

शेवटी वैतागून विचारलं, "पप्पा नेमकं करायचे तरी काय?"

"त्यो? लिंबं आली का दोन-तीन कापायचा, थेंब अंगठ्यावर घिऊन चाटायचा. मंग पाक कमी-जास्त करायचा. म्हनायचा, दारू बाटलीत बंद असती, ती बदलत न्हाई. बदलतंय ते लिंबू."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तू इचारलं कुटं?"

कपाळावर हात मारून घेतला. तुमची दोघांची जोडी अगदी शोभून दिसत असणार!

आज दुपारी नानाकाकांना मुद्दाम बोलावलं. त्यांच्यासमोर लिंबू कापलं, थेंब चाटला. डोळा आपोआप मिटला, इतकं आंबट. पाक जरा वाढवला. रमला फक्त मापानं हात लावला. दिनूभाऊंनी घोट घेतला आणि म्हणाले, "ह्योच. ह्योच त्याचा हात."

मी विजयी मुद्रेनं वळले, तर नानाकाका ग्लासात वाकून बघत होते. "बर्फाची कच ऱ्हायलीय. चहाच्या गाळणीतनं परत गाळायचा त्यो."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, काका?" त्यांनी चपला घातल्या आणि मळवली स्टेशनच्या दिशेनं चालू लागले. ते दिसेनासे झाल्यावर दिनूभाऊ म्हणाले, "मागल्या दारानं यायचं नाना. तुजा बाप एक द्यायचा, वर दुसरी न्हाई. रिक्षात बसवून घरी लावून द्यायचा. आमाला म्हनायचा, कुटं बोलायचं न्हाई."

भावाची लाज झाकलीत, ठीक आहे. पण आईला तरी सांगायचं होतं ना, की मी लिंबू चाखतो?

कारण दारात उभी राहून हे सगळं ऐकणारी आई हसली नाही, पप्पा. ती खाली बसली. "तीस वर्सं दारात त्यांचं तोंड हुंगलं गं मी," म्हणाली.

"मग कधी वास आला?"

"न्हाई. म्हनून जास्त राग यायचा. वाटायचं, बडीशेप खाऊन येत्यात. चपला काढायच्या आदी त्ये मुकाट तोंड म्होरं करायचं..."

ती उठली आणि आतल्या खोलीत जाऊन पडली. आणि मला तुमचा इतका राग आला, पप्पा, इतका राग, की तुम्हाला मिठी मारायची होती आणि तुम्ही नव्हतात.

आता ऐका. तुमच्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला विहारात सगळा समाज जमेल. मी आजवर घरात सगळ्यांच्या वतीनं बोलत आले, पण त्या दिवशी बोलणार नाही. नानाकाकांचं नाव निघू देणार नाही, तुम्ही ते जपलंत म्हणून. फक्त माईक आईच्या हातात देईन. मघाशी आतून हाक मारून तिनंच मागितलाय. ती अडखळली, थांबली, रडली, तरी मी मध्ये पडणार नाही, वचन देते. तीस वर्षांची माफी तिची तिला मागू दे.

तुमची,
अजूनही चिडलेली,
सुजाता