तीनशे पंचाहत्तर अश्वशक्ती

प्रिय बाबा,

हे पत्र आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिचा चष्मा सापडेपर्यंत तुम्ही उशीला टेकून नीट बसा. व्हिडिओ कॉलवर मी एकटीच बडबडते आणि तुम्ही नुसते बघत राहता, म्हणून आज कागद घेतला. पक्षाघाताला चार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं कळतं, शब्दही आत आहेत, फक्त त्यांनी बोलायला सुरुवात करायला हवी. काय बिनसलंय ते मला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात तुम्ही पाणी मागायला गेलात आणि तोंडातून भलताच शब्द आला. अख्ख्या मिरजेला गाडी शिकवताना ज्याने प्रत्येकाच्या चुका काढल्या, तो माणूस स्वतः चुकला, आणि त्या दिवसापासून तुम्ही तोंड मिटून बसलात. फार हट्टी आहात. पण ते राहू दे, आज एक गंमत सांगायची आहे.

मी ती पाहिली, बाबा. तुमची डॉज चार्जर, एकोणीसशे एकोणसत्तरची!

गेल्या रविवारी सकाळी आर्याला घेऊन सेंगकांगच्या आमच्या घरून तांजोंग पगारला गेले होते. तिथे माझ्या ऑफिसमागच्या गल्लीतला काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला भाजका पाव, तुमच्या नातीला फार आवडतो. रविवारी त्या भागात चिटपाखरू नसतं. वळलो, तर जुन्या दुकानांसमोर ती उभी. गर्द हिरवी, दोनच दारांची, सतरा फुटांहून लांब. पेट्रोलच्या टाकीचं ते चकचकीत झाकण मागच्या चाकाच्या वर, अगदी चित्रातल्यासारखं. मालक सत्तरीचे चिनी गृहस्थ, मिस्टर टेओ, फडक्याने काच पुसत होते. इथे अशा जुन्या गाड्यांना वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर यायची परवानगी असते, उरलेलं वर्ष त्या झाकून झोपलेल्या. मी त्यांना नमस्कार-चमत्कार न करता इंजिनाची सगळी माहिती घडाघडा म्हणून दाखवली. ते फडकं हातात धरून ऐकतच राहिले. मी मेकॅनिक आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी बँकेत आहे, पण माझ्या वडिलांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं.

त्यांना काय सांगणार होते मी? तुम्हाला रद्दीत सापडलेलं ते इंग्रजी माहितीपत्रक, शब्दकोश घेऊन तुम्ही वहीत केलेलं त्याचं मराठी, आणि सुट्टीच्या दुपारी मला झोपवताना अंगाईऐवजी म्हटलेले आकडे? आठ सिलिंडर, चारशे चाळीस घनइंच, चार बॅरलचा कार्बोरेटर, तीनशे पंचाहत्तर अश्वशक्ती. माझा डोळा लागला का हे बघायला तुम्ही मधेच एक आकडा मुद्दाम चुकवायचात, बहुतेक वेळा अश्वशक्तीचाच. मी गप्प राहिले तर झोपले. पण मी कसली झोपते! चूक, बाबा, चूक, तीनशे पंचाहत्तर, असं ओरडत उठून बसायची. मग तुम्ही कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचात.

मिस्टर टेओंनी बसायला सांगितलं, तर मास्तरांची मुलगी उजवं दार उघडून ऐटीत बसली. समोर स्टिअरिंगच नाही! अमेरिकन गाडी, स्टिअरिंग डावीकडे. ते हसले, आर्या हसली. मला मात्र हसू येईना. तुम्ही तीस वर्षं डावीकडे बसलात, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, दुसऱ्याच्या हातातल्या स्टिअरिंगवर नजर ठेवून. या गाडीत स्टिअरिंग तुमच्याच जागेवर आहे, बाबा.

मग त्यांनी तुमच्या जागेवर बसून किल्ली फिरवली. आधी सीट थरथरली, मग माझी पाठ. आवाज आला तो खालून, जमिनीतून आल्यासारखा. आर्या कानांवर हात ठेवून इथल्या पोरांच्या ढंगात ओरडली, “आजोबांची कार सो लाउड, लाह!” मी डोळे मिटले. गल्ली लांबत गेली, दुकानं विरघळून गेली, दोन्ही बाजूंना ऊस आला. म्हैसाळचा रस्ता होता. डावीकडे तुम्ही, पांढऱ्या हाफ शर्टात, कोपर खिडकीबाहेर काढून, जे तुम्ही एकाही विद्यार्थ्याला कधी करू दिलं नाहीत. तुम्ही चौथा गिअर टाकलात. या बेटाएवढ्या देशात अशी गाडी धड तापायच्या आत रस्ता संपतो, पण आपला संपत नव्हता. तुम्ही काहीतरी बोलत होता, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं, तरी मी हो हो म्हणत होते.

डोळे उघडले तेव्हा मिस्टर टेओ मला समोरचे दिवे दाखवायला बोलावत होते. जाळीमागे लपलेले दिवे, त्यांवर आपोआप उघडणारी झाकणं, आठवतंय ना? एक झटकन उघडलं. दुसरं रेंगाळलं. ते म्हणाले, म्हातारं झालंय, वेळ लावतं, पण उघडतं. तुम्ही हल्ली हसता तेव्हा ओठाचा उजवा कोपरा असाच मागून येतो. मला तिथेच, भर गल्लीत, रडू आलं.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. आज तुम्ही अंथरुणात आणि तुम्हाला झोपवायची पाळी माझी. आईला वेगळ्या चिठ्ठीत कळवलंय की शेवटची ओळ वाचून झाली की थांब, चहाला उठू नकोस, त्यांच्याकडे बघत बस. तिला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, ती काही सांगणार नाही. शब्द वाकडा आला तरी चालेल, अर्धा आला तरी चालेल. मला फक्त कळायला हवं की तुम्ही जागे आहात. मिटा डोळे. आठ सिलिंडर. चारशे चाळीस घनइंच. चार बॅरलचा कार्बोरेटर. तीनशे पन्नास अश्वशक्ती.

तुमचीच, अजून न झोपलेली,
निशिगंधा