यांच्या वस्तऱ्याला धार

कोरेगाव, रविवार, मार्च १९९४

लकव्यानं यांचा उजवा हात गेल्यापासून दाढी वाढलेलीच. फौजेतला वस्तरा न्हाव्याच्या हाती देत नाहीत, म्हणून मीच धार लावायला शिकतेय. दगडावर जमलं, पण काल चामड्याच्या पट्ट्यावर उलटा ओढला आणि धारच गेली.

"पाठ म्होरं, धार मागं. लय दाबू नगंस," हे खाटेवरून म्हणाले.

आज पट्ट्यावर सप सप असा संथ आवाज येऊ लागला. तंद्रीच लागली. हात माझा की यांचा, कळेना. तो आवाज अजून कानात आहे.

मग यांनी मान मागं टाकून डोळे मिटले. माझ्यापुढं असा उघडा गळा, इतक्या वर्षांत कधी...

"आवं, हलू नका."

रक्ताचा थेंबही आला नाही. आरसा धरला, तर गालावर डावा हात फिरवत हसले. "मिशी ठेवलीस व्हय? बरं केलंस."