पिवळ्या गोळ्या

दिवाळे, मे १९६३

डॉक्टर टिपणीस साहेबांना बायजा कोळणीचा नमस्कार.

तुमी दिलेल्या व्हिटामिनच्या पिवळ्या गोळ्या मी दोन वर्सं नेमानं खाल्ल्या. हातावरचं कोड काय गेलं नाय. तरी दर महिन्याला पनवेलला येऊन "थोडा फरक हाय" असं मी खोटंच सांगायची. कारन तुमी माझा हात धरून खिडकीच्या उजेडात न्यायचे, उलटसुलट बघायचे आनि म्हनायचे, "बायजाबाई, हे कोणाला लागत नाही."

माझ्या लग्नात कासारानं बांगड्या सुपात ठेवल्या होत्या. "तूच भर," म्हनला. तवापासून परक्या मानसानं माझा हात धरला नव्हता.

काल लेकीचा चुडा भरायला तोच कासार आला. माझी पाळी आली, तशा त्यानं बांगड्या परत सुपात ठेवल्या. मी हात त्याच्यासमोर उजेडात धरला आनि बोलले, "हे कोनाला लागत नाय. भर." त्यानं भरल्या. एकपन फुटली नाय.

हे पत्र मी पाठवनार नाय. गोळ्यांनी गुन आला नाय हे वाचून तुमाला वाईट वाटंल. पन साहेब, आज "फरक हाय" म्हनते, ते खोटं नाय.

तुमची पेशंट,
बायजा