वामनचं बोलतं मशीन

सोम. १ डिसें.
स्वतःच्या हाताने केलेलं, आजवर: दुकानातलं मोटार वाइंडिंगचं यंत्र, सायकलच्या चाकावर. घरचा इन्व्हर्टर. गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब, काळ्या नळ्यांचा. आणि वामनचं बोलतं मशीन.

शेवटचं सगळ्यात बरं. दोन भंगार कॉम्प्युटरचा एक केला, लिनक्स टाकलं, मराठी वाचून दाखवणारा आवाज बसवला. कामाच्या बटणांवर खड्याच्या टिकल्या, बोटाला लागाव्यात म्हणून. दहावीनंतर शाळा नाही की क्लास नाही. शहाद्यात असं दुसरं असेल तर दाखवा.

वा.ची नजर काचबिंदूने गेली. उजव्या डोळ्यात जरासा उजेड उरलाय. जानेवारीत सुरतेला त्याचं ऑपरेशन, त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा, सगळा जीव त्यात. तपासणीला मी नेणार होतो, एस.टी.ने. त्याच्या दुसऱ्या दोस्ताने, हसमुखभाईने, परस्पर आपल्या गाडीतून नेऊन आणलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बुध. ३
वा.चा फोन. ‘मशीन मुकं व्हई गयं, रघ्या.’ दुकान तसंच टाकून गेलो. मशीनच्या मागे तळहात धरून बसलेला, पंख्याची हवा लागते का बघत. डोळसाचा आवाज गेला तर गाणं जातं. याचं सगळंच जातं.

कारण सापडलं. पुढच्या भोकात हेडफोनची पिन घातली की स्पीकर आपोआप बंद होतो, काढली की सुरू व्हायला हवा. झाला नव्हता. आवाज कमीजास्त करायचं अल्सामिक्सर उघडलं, स्पीकरच्या पट्टीखाली एमएम, म्हणजे मुकं. एम दाबलं, ओओ झालं, बोलायला लागलं. काम एका बटणाचं, पण कुठलं बटण ते माहीत पाहिजे.

हेडफोन कुठून आला? हसमुखभाईने आणला. चांगला, कान पूर्ण झाकणारा. मला विचारायचं तरी.

शनि. ६
संध्याकाळी गेलो. दोघं मशीनसमोर, दोघांच्या कानांवर हेडफोन. ह.ने एकाचे दोन करणारी पिनही आणलीय. दोघं खो खो हसत होते. खोलीत चिडीचूप. मी दारात. स्पीकर अर्थातच बंद.

ह.ने मला पाहिलं, एक कान उघडा केला. ‘या या रघुभाई! तुमना डबा परवा रुसना व्हता म्हणे?’

डबा. माझ्या मशीनला.

कशाला हसत होता विचारलं. वा. म्हणाला, ‘काही नही रे, असंच.’

ह. तापीकाठचा, केळीवाला. वा. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता तेव्हापासूनची त्यांची ओळख. मी वा.च्या शेजारी बसलो ते दुसरीपासून. वहिनींनी चहा आणला, आधी त्याला दिला. पाहुणा म्हणून असेल.

रवि. ७
दुपारी वा. झोपलेला असताना जाऊन काम केलं. अल्सामिक्सरमध्ये अगदी उजवीकडे ऑटो-म्यूट मोड असतो. एनेबल्डचं डिसेबल्ड केलं. आता पिन आत असली तरी स्पीकर बोलेल. बंद करून पुन्हा चालू केल्यावर विसरू नये म्हणून सेटिंग साठवूनही ठेवलं. हे नवशिके विसरतात.

फायदा: मशीन पुन्हा मुकं होणार नाही. शिवाय खोलीतल्या तिसऱ्यालाही ऐकू येईल.

वा.ला सांगायचं राहिलं. उद्या सांगेन.

मंगळ. ९
काल ह. आला नाही, केळीची गाडी भरायची होती म्हणे. वा.शी दोन तास बोललो, शाळेतल्या गोष्टी. तो मधेच म्हणाला, ‘हसमुख असता तर हसला असता.’ सेटिंगचं बोलणं निघालं नाही.

बुध. १०
लिहवत नाही, पण लिहितो.

वा. हेडफोन लावून बसला. ‘जरा थांब रघ्या, निरोप उना शे, आयकी लेस.’ मी मागे खुर्चीवर. वहिनी दाराशी मेथी निवडत होत्या. स्पीकर बोलायला लागला, हळू पण स्वच्छ. मीच बसवलेला आवाज.

‘रिपोर्ट आला. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचा उपयोग नाही असं डॉक्टर म्हणतात. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वहिनींना बोललो नाही. रघुभाईंनाही नाही. हसमुख.’

कान झाकलेले, त्याला स्पीकरचा पत्ता नाही. महत्त्वाचं असलं की तो दोनदा ऐकतो, ती सवय मीच लावली. दुसऱ्यांदाही सगळं वाचलं गेलं.

स्पीकरचं बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. पहिल्याच वाक्याला पिळता आलं असतं. ‘रघुभाईंनाही’ पर्यंत आलं तेव्हा मी ऐकतच होतो.

वहिनींच्या हातातली जुडी तशीच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुमले बी नही सांगं त्यासनी, भाऊजी.’

मग आत गेल्या. वा.ने हेडफोन काढला. ‘काय व्हयनं? कोनी काही बोलत का नही?’

गुरु. ११
वहिनी वा.शी बोलत नाहीत. जेवण ताटात वाढतात, वाटी कुठे आहे ते सांगत नाहीत.

वा. मला म्हणाला, ‘आवाज मन्हा कानमा व्हता. तिले कशे आयकू उनं?’

‘कधी कधी व्हस असं. लिनक्स शे ते.’

लिनक्सवर ढकललं. आजवर कधी केलं नव्हतं. ह. बाजूला बसलेला, एवढा बडबड्या माणूस. नुसती पिन बोटांत फिरवत होता.

तो उठून गेल्यावर ऑटो-म्यूट एनेबल्ड केलं. साठवलं. पिन घालून तपासलं, काढून तपासलं. दोन्ही बरोबर.

शनि. १३
आज गेलो नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तरी.

रवि. १४
वा.नेच बोलावलं. एकटा होता. वहिनी अंगणात, कुणाशी तरी फोनवर, आवाज बरा वाटला.

‘मशीन माले इकत दे.’

‘तुन्हंच शे ना ते.’

‘नही. ते तू दिधेल शे. इकत लिधं म्हणजे मन्हं. मंग बिघडनं ते मी कोनले बी बलावसू.’

रागाने नाही, चहा मागावा तसं बोलला. तोंड माझ्याकडे नव्हतं, स्पीकरकडे होतं. त्याला कळलंय का, की हसमुखने सांगितलं, की उगाच. विचारायला तोंड उघडलं आणि कीबोर्डवरची एक टिकली सुटलीय, नवी लावतो, असं काहीतरी बोललो.

पाकीट टेबलावर. नोटा त्याने स्वतः चाचपून लावलेल्या, मोठ्या एका बाजूला. पुढे सरकवलं, अंदाजाने, बरोबर माझ्या हातापाशी.

नाही म्हटलं, तरी मोजले. बारा हजार.