गॅलरीतल्या शेगडीवरचा ओकायू

प्रिय बाबा,

तुमच्या तेराव्यानंतर मी घरच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यातली एक दुरुस्त करायची आहे. "बाबांनी शेवटपर्यंत पथ्य पाळलं, आईच्या हातचा अळणी मऊ भात आवडीनं खाल्ला," असं मी लिहिलं. ते खोटं आहे. पहिले दोन दिवस सोडले तर तुम्ही तो भात खाल्लाच नाहीत. मी तो रोज दुपारी फाटकाबाहेरच्या गाईला घालत होते, आणि तुम्ही माझ्या हातचा ओकायू खात होतात.

आज लिहितेय, कारण सोमवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे. काल तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "मनू, पानात मऊ भातच वाढू. अळणी. शेवटी शेवटी त्यांना तोच आवडायला लागला होता." वर गेलात तरी तुमच्या नशिबी अळणी भातच!

तुमचा जपान आम्हाला ओकायूपुरताच माहीत होता. कारखान्यानं चार महिने ट्रेनिंगला पाठवलं, तिथं ताप आला, आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकिणीनं तांदळाची पेज करून दिली. वर आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी लगदा, म्हणजे मिसो, आणि एक फेटलेलं अंडं. "आपली पेजच गं, फक्त हिच्याकडे पासपोर्ट आहे," असं तुम्ही सांगायचात. आजीच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नव्हतं, म्हणून गॅलरीत एकबर्नरची शेगडी आली. आजी गेल्यावरही ती तिथंच राहिली. रविवारी तुम्ही ढवळायचात आणि मी वाऱ्याच्या बाजूला ताट धरून उभी राहायची. आठवतं?

मग तुमचं हृदय थकलं, पाय सुजले, आणि डॉक्टरांनी मीठ बंद केलं. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. बिस्किटांचे पुडेसुद्धा वाचून मगच तुम्हाला द्यायची. "घरात इन्स्पेक्टर ठेवलाय," असं तुम्ही आईला म्हणालात.

पथ्याच्या तिसऱ्या दिवशी दहाला आई ऑफिसला गेली आणि तुम्ही मऊ भाताची वाटी सरकवली. "मनू, हे खाण्यापेक्षा मी उपास करीन. ओकायू कर."

"मिसोत मीठ असतं का?"

"छे! डाळच ती. आंबवलेली डाळ. आणि आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल."

फ्रिजमधल्या मिसोच्या डब्यावरची अक्षरं जपानी होती. मी ती वाचू शकत नव्हते, आणि तुम्ही तर चार महिने खाल्लेला माणूस. मी विश्वास ठेवला. आणि चाखलं नाही. आजीनं शिकवलेला पहिला धडाच तो: पातेल्यातलं चाखलं की ते उष्टं, वास घेऊन ओळखायचं. या घरात कुणीच काही चाखत नाही. नऊ दिवस मी तुम्हाला वाटी भरून देत राहिले. तुम्ही "आता कसं!" म्हणून वाटी पुसून खायचात, आणि मला किती बरं वाटायचं!

ओकायूच्या दहाव्या दिवशी तुमचे पाय बुटात मावेनात. श्वास लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी आईला विचारलं, "माताजी, सच बताइए. नमक दे रही थीं न?"

"एक दाना भी नहीं, डॉक्टर साहब."

ते रिपोर्टकडे बघत राहिले. "तो फिर नमक उड़कर आया होगा."

आईनं मान खाली घातली. मी शेजारी थर्मास धरून उभी होते, बाबा.

घरी येऊन मी फ्रिज उघडला आणि बोटाच्या टोकावर मिसो घेऊन जिभेला लावला. पहिल्यांदाच. लोणच्याचा खार त्यापुढे फिका!

तुम्हाला माहीत होतं ना? चार महिने खाल्लं होतंत. मग मला तसं का सांगितलंत? रागवावं तर तुम्ही नाहीत, आणि हसावं तर तेही जमत नाही. चार दिवसांनी तुम्ही गेलात. त्यानंच गेलात का? हृदय आधीच फार थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी स्वतःला सांगणारही नाही.

पण आईचं मला माहीत आहे. नागपूरहून आत्याचा फोन आला की ती म्हणते, "वहिनी, तू मायाळू. देल्ली असंन एखादी लोणच्याची फोड. मी काही बोलून नाही राहिली, पण..." आधी आई भांडायची. आता नुसतं ऐकून घेते. गेल्या महिन्यात भांडी लावताना तिनं मला विचारलं, "मनू, भाताच्या डावाला आधीचं मीठ राहिलं असेल का गं? मी नीट घासला नसेल का?"

"नाही गं," म्हणून मी गॅलरीत निघून गेले. वर्षभर ती तो डाव दोनदा घासते, बाबा.

खरं सांगितलं तर तिच्यावरचा आळ जाईल. पण "माझ्या हातचं खाऊन गेले" हा तिचा एकच आधारही जाईल. म्हणून थांबले, असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे भीती. ती माझ्याकडे कशी बघेल, याची.

आत्या रविवारी दुपारी येतेय. तिच्यासमोर आईला हे कळता कामा नये. आधी आईला, एकटीला. मग आत्याला, आईच्या देखत, आणि ग्रुपवरही मीच लिहीन.

शेगडी पुसून ठेवली आहे. ओकायूत मिसो घालीन, पण अंडं नाही, म्हणजे आईला खाता येईल. पातेल्यातूनच आधी मी चाखीन, मग चमचा तिच्या हातात देईन. पहिल्या घासाला ती विचारेल, "मनू, एवढं मीठ?" तेव्हा मी गॅलरीत पळून जाऊ शकणार नाही, कारण आम्ही गॅलरीतच असू. सोमवारी तुमच्या पानात काय वाढायचं, ते त्यानंतर ती ठरवेल.

आज गुरुवार. उद्या तिचं ऑफिस आहे. वचन देते, बाबा: परवा, शनिवारी, सकाळी आठ वाजता.

तुमची इन्स्पेक्टर,
मनू