बेलभंडाऱ्याचं ताट

आप्पा, आज सकाळी माझ्या दारात बेलभंडाऱ्याचं ताट आलं, आणि इतक्या वर्षांनी मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपल्या गावांनी तुम्हाला तालुका बोर्डावर निवडून धाडलं होतं. जिल्हा बोर्डावर कोण जाणार हे लोकांना कोणी विचारत नसे, ते तुम्ही मेंबरांनीच ठरवायचं. ओढ्यावर साकव बांधून देणाऱ्यालाच मत द्या, एवढंच गावाचं सांगणं होतं. तुम्ही हो म्हणून खानापूरला गेलात, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच उमेदवाराने मेंबरांना देवळात नेऊन, बेलभंडारा उचलून त्यालाच मत देण्याची शपथ घ्यायला लावली.

त्या संध्याकाळी घरी परतून तुम्ही चुलीपुढं येऊन बसता. मी भाकरी थापते आहे.

"साकवाचं काय झालं?"

"देवाम्होरं शब्द गेलाय, पोरी. आता माझं मत माझं न्हाय."

"गावाला बी दिलता की शब्द."

"लई बोलाय लागलीस." जेवणाचं ताट सरकवून तुम्ही उठता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मत देऊन आलात. साकव झाला नाही. शाळा ओढ्यापलीकडं होती, आणि त्या पावसाळ्यात आईने माझी पाटी फळीवर ठेवली ती कायमचीच. पुढची अक्षरं निपाणीत, सासरी, नणंदेने शिकवली. माझा राग अजून गेलेला नाही. पण तुम्ही लबाड नव्हता. लबाड असता तर भंडारा उचलूनही मत साकवालाच दिलं असतं.

आता मी इथल्या नगरपालिकेत मेंबर आहे. अध्यक्ष आम्ही मेंबरांनीच निवडायचा, उद्या. माझ्या गल्लीतल्या विड्या वळणाऱ्या बायकांना पाण्याचा नळ हवा आहे, आणि मत कुणाला द्यायचं हे त्यांनी मला सांगून ठेवलं आहे. ताट घेऊन आला तो दुसऱ्या बाजूचा माणूस.

"आक्का, नुसता हात लावा."

"माझं मत बायकांनी आधीच नेलंय. ताट परत न्या," मी म्हटलं, आणि ताट उचलून त्याच्या हातात दिलं. उद्या मी त्या बायकांचंच मत देणार, कोणी काहीही म्हणो.

तुम्ही आता या जगात नाही, म्हणून हे पत्र ट्रंकेत ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. ताट देताना बोटाला भंडारा लागला होता. हात धुवायला रांजणापर्यंत गेले, पण धुववेना, कपाळाला लावला. देवाला मीही भिते, आप्पा.